एक वाजतांची गर्दी

१६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल संकेतस्थळांवर लागावयाचा होता. महामारीमुळें परीक्षा झाली नव्हती. विद्यार्थी मात्र १५ लक्षांहून अधिक, आणि उत्कंठा नेहमींचीच. एकाचा ठोका पडतांच घरोघरीं बैठक क्रमांक घातले गेले आणि संकेतस्थळें बंद पडलीं. रत्नागिरीच्या कोकण मंडळाचा निकाल त्या वर्षीं शंभर टक्के लागला. पण तो पाहण्यासाठीं मुलांना तासन्‌तास तिष्ठावें लागलें.

अशी गर्दी उसळली कीं जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न असतो : संकेतस्थळ कोणत्या फ्रेमवर्कवर उभारलें आहे? फ्रेमवर्क म्हणजे घराच्या खांब-वाशांचा आयता सांगाडा. आलेली मागणी ओळखणें, ती योग्य ठिकाणीं धाडणें, उत्तराचें पान सजविणें, हीं कामें त्यांत तयारच असतात. पायथन भाषेंतील जँगो, रूबींतील रेल्स, पीएचपींतील लाराव्हेल, जावांतील स्प्रिंग हे त्यांतील नामांकित सांगाडे. टेकएम्पॉवर या अमेरिकन कंपनीनें २०१३ सालीं त्यांच्या शर्यती लावण्यास आरंभ केला. त्यांतील सर्वांत सोप्या कसोटींत सर्व्हरनें नुसतें ‘हॅलो वर्ल्ड’ म्हणावयाचें. तेथें हलका सांगाडा भारदस्त सांगाड्यास कित्येक पटींनीं मागें टाकतो. पण ही रिकाम्या होडीची शर्यत झाली. त्यावरून मालानें भरलेल्या गलबताची पारख होत नाहीं.

समजा, एका विद्यार्थ्याचा निकाल दाखविण्यास ५० मिलिसेकंद लागतात आणि पैकीं ४५ डेटाबेसांतील नोंद शोधण्यांत जातात. सांगाडा बदलून उरलेल्या ५ चा १ केला, तरी एकूण ४६ राहतातच. त्यांतून डेटाबेसची शक्ति सेकंदास २,००० नोंदींची आणि मागण्या १०,००० असल्या, तर दर सेकंदास ८,००० मुलें रांगेंत तुंबतात. पान उघडत नाहीं म्हणून तींच मुलें पुनःपुन्हां बटण दाबतात, आणि रांग वाढतच जाते!

वास्तविक निकाल एकदां ठरला कीं सहसा बदलत नाहीं. प्रत्येक क्रमांकाचें उत्तर आदल्या रात्रींच तयार करून सर्व्हरच्या स्मृतींत, तेंहि अनेक ठिकाणीं, ठेवलें तर डेटाबेसकडे जावेंच लागत नाहीं. मग सांगाडा कोणताहि असो, त्याच्यावर भार तो काय पडणार?

याचा अर्थ तुलना व्यर्थ आहे असा नव्हे. मात्र ती खऱ्या पानावर, खऱ्या गर्दीइतक्या मागण्या सोडून करावी. आणि सरासरीवर भुलूं नये. शंभरांतील नव्व्याण्णव उत्तरें क्षणांत येऊन एकास अर्धा मिनिट लागला, तरी सरासरी गोंडसच दिसते. १५ लक्षांत असे ‘एक’ १५,००० होतात.