गोवा ते मकाव : तरुण मिशनऱ्यांचे चिनी भाषाशिक्षण

इटलीत 1552 साली जन्मलेला मात्तेओ रिची 1578 मध्ये गोव्यास पोहोचला, गोवा व कोचीन येथे धर्मशास्त्र शिकत असतानाच त्याने अध्यापनही केले आणि 1580 मध्ये कोचीन येथे पुरोहितदीक्षा घेतल्यानंतर, येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या पूर्वेकडील कार्याचे निरीक्षक अलेस्सांद्रो व्हालिन्यानो यांच्या आदेशाने, 1582 मध्ये तो चीनच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज वसाहत असलेल्या मकाव येथे गेला. तेथे त्याचा सहकारी मिकेले रुज्जिएरी 1579 पासूनच चिनी भाषेशी झुंजत होता. रुज्जिएरीचा पहिला शिक्षक चित्रकार होता. समान भाषा नसल्यामुळे तो वस्तूचे चित्र काढून तिची चित्राक्षरे शिकवी. व्यापारात कँटनची बोली उपयुक्त असली, तरी राज्यकारभारातील अधिकारी वापरत ती 'क्वानह्वा' म्हणजे अधिकाऱ्यांची भाषा शिकण्याचा आग्रह या संघाने धरला, आणि हा निर्णय अत्यंत दूरदर्शी होता.

खरी कसोटी मात्र स्वरभेदांची, कारण चिनीत उच्चाराची पट्टी बदलताच शब्दाचा अर्थ पालटतो. 1583 नंतर दक्षिण चीनमधील चाओचिंग येथे राहताना दोघांनी चिनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने रचलेला पोर्तुगीज-चिनी कोश हस्तलिखितच राहिला व 1934 मध्ये रोम येथील संघाच्या दप्तरात सापडला. त्यात स्वरचिन्हे नाहीत. ती उणीव पुढे 1598 च्या सुमारास संगीताची जाण असलेल्या लाझारो कात्तानेओ या संघसदस्याच्या मदतीने भरून निघाली, तेव्हा पाच स्वरांसाठी पाच खुणा निश्चित झाल्या.