न धुतलेल्या फिल्मचा विमानप्रवास

गेल्या कार्तिकांत आमच्या घरीं मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. जालना एमआयडीसींतील पोलादाच्या कारखान्यांत नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्यानें सारा सोहळा दोन रोलांवर टिपला. पुढें विमानप्रवासास निघतांना एक रोल कॅमेऱ्यांतच, हातच्या पिशवींत राहिला. दुसरा सुरक्षित राहावा म्हणून त्यांनीं मोठ्या पेटींत कपड्यांच्या घडींत ठेवला. तीच चूक ठरली. धुतल्यावर पहिला स्वच्छ निघाला. दुसऱ्यावर करड्या धुक्याचे पट्टे उमटलेले होते. औक्षणाचें चित्र त्याच रोलवर होतें. आणि चैत्रांत मातोश्री निवर्तल्या.

असें कां व्हावें ? १८९५ सालीं राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञानें क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हां पत्नीच्या हातांतील अस्थींचें चित्र त्यानें छायाचित्रणाच्या कांचेवरच घेतलें. फिल्मवरील चांदीचे क्षार जसे प्रकाशानें, तसेच या किरणांनींही पालटतात. सामान तपासणाऱ्या यंत्रांत हेच किरण असतात आणि विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेट्यांवर ते विशेष प्रखर सोडले जातात. हातच्या सामानाच्या जुन्या यंत्रांतील किरण सौम्य. आयएसओ ८०० पेक्षां कमी वेगाची फिल्म त्यांतून बहुधा एकदोन वेळां निभावते, परंतु प्रत्येक वेळचा परिणाम सांचत जातो. नवीं सीटी यंत्रें मात्र सर्व बाजूंनीं चित्रें घेतात. त्यांतून न धुतलेली फिल्म एकदांही जाऊं देऊं नये, असें फिल्म तयार करणारे सांगतात.

यास्तव प्रवाशांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. कोरी असो वा चित्रें घेतलेली, फिल्म मोठ्या पेटींत कधींही घालूं नये. रोल खोक्यांतून काढून पारदर्शक पिशवींत हाताशीं ठेवावे आणि ते हातानें तपासण्याची नम्र विनंती यंत्रापूर्वींच अधिकाऱ्यांस करावी. ती मान्य करणें त्यांच्या मर्जीवर आहे व तीस वेळ लागतो. म्हणून चिकलठाण्याच्या विमानतळावर जावयाचें असल्यास जालन्याहून नेहमीपेक्षां लौकर निघावें. शिशाच्या पिशवीवर विसंबूं नये. आंतील वस्तु दिसेना कीं संशय वाढतो व पिशवी उघडावी लागते. सर्वांत उत्तम म्हणजे प्रवासापूर्वींच फिल्म धुऊन घ्यावी; धुतलेल्या फिल्मला या किरणांचें भय नाहीं.

तो दुसरा रोल आम्हीं टाकलेला नाहीं. पट्ट्यांच्या आड निरांजनाची एक ज्योत अजून दिसते.