तीन समाजांचा एक शासनप्रमुख

युरोप खंडाच्या आग्नेय भागात बॉस्निया आणि हर्जेगोविना नावाचा एक डोंगराळ देश आहे. सारायेव्हो ही त्याची राजधानी. या शहराच्या जुन्या भागात मशीद, ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिस्तमंदिर, कॅथलिक पंथाचे ख्रिस्तमंदिर आणि ज्यू लोकांचे प्रार्थनास्थान ही चारही काही मिनिटांच्या वाटेवर पाहावयास मिळतात. देशात मुख्यत्वे तीन समाज राहतात. बॉस्नियाक हे बहुतेक मुसलमान, सर्ब हे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, तर क्रोएट हे कॅथलिक ख्रिस्ती आहेत. २०१३ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख भरली. तिच्यात दर शंभर माणसांमागे बॉस्नियाक ५०, सर्ब ३१ आणि क्रोएट १५ होते. तिघांची बोली जवळजवळ एकच असून ते परस्परांचे बोलणे सहज समजतात. तरीही त्या भाषेला तीन नावे आहेत. तंबाखूच्या पाकिटांवर धोक्याची एकच सूचना तीनदा छापलेली असे. दोन ओळी अक्षरशः सारख्या आणि तिसरी तेच शब्द निराळ्या लिपीत मांडणारी!

अशा देशात शासनाचा प्रमुख कोणी व्हावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बॉस्निया पूर्वी युगोस्लाव्हिया या मोठ्या राष्ट्राचा एक घटक होता. ते राष्ट्र मोडले, आणि १९९२ साली बॉस्निया स्वतंत्र होताच तेथे युद्ध पेटले. एका गावात पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिलेली माणसे परस्परांवर शस्त्र धरू लागली. सारायेव्होला जवळजवळ चार वर्षे वेढा पडला होता. सुमारे एक लाख माणसे या युद्धात प्राणास मुकली. अखेर नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील डेटन या शहरी तीन आठवडे वाटाघाटी होऊन तह ठरला. त्या तहालाच जोडलेले एक परिशिष्ट आजही त्या देशाचे संविधान आहे.

वाटाघाटीस बसलेल्यांच्या मनात एकमेकांविषयी विश्वास नव्हता. होती ती भीती. शासनाची सूत्रे एका माणसाच्या हाती गेली, तर तो आपल्याच समाजाचे हित पाहील आणि उरलेल्या दोघांना चिरडील, असे प्रत्येक पक्षास वाटत होते. म्हणून संविधानकर्त्यांनी सत्ता एकवटू न देता ती वाटून टाकली. राष्ट्राध्यक्षाच्या जागी तिघांचे मंडळ नेमले : एक बॉस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट. मंडळाचे अध्यक्षपद दर आठ महिन्यांनी फिरते. चार वर्षांच्या मुदतीत सहा पाळ्या होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन येतात. इतका काटेकोर हिशेब क्वचितच एखाद्या राज्यघटनेत आढळेल.

प्रत्यक्ष कारभार मात्र मंत्रिपरिषदेकडे असतो. तिच्या प्रमुखाला पंतप्रधान म्हणत नाहीत. ‘मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष’ असे त्याचे साधे नाव आहे. राष्ट्राध्यक्षमंडळ त्याचे नाव सुचविते आणि संसदेच्या प्रतिनिधिगृहाने मान्यता दिल्यावर तो अधिकारारूढ होतो. मंत्री निवडताना त्याच्यावर बंधने असतात. देशाचे दोन मोठे विभाग आहेत. त्यांपैकी बॉस्नियाक व क्रोएट यांची बहुसंख्या असलेल्या विभागातून दोन-तृतीयांशांहून अधिक मंत्री घेता येत नाहीत. ज्या समाजाचा मंत्री, त्याच समाजाचा उपमंत्री नेमता येत नाही. परराष्ट्रमंत्री बॉस्नियाक असेल, तर त्याचा उपमंत्री बॉस्नियाक असून चालत नाही. एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर राहावी, हा त्यातील हेतू उघड आहे.

हे पद आजच्या स्वरूपास येण्यास काही वर्षे लागली. प्रथम दोन सहाध्यक्ष नेमण्यात आले. परंतु संविधानात तर एकच अध्यक्ष सांगितलेला होता! १९९९ साली संविधान न्यायालयाने ही दुहेरी व्यवस्था अवैध ठरविली. नंतर पाळीपाळीने अध्यक्ष होण्याची रीत आली. जून २००० ते डिसेंबर २००२ या अडीच वर्षांत पाच जण त्या आसनावर बसून उठले. कामाची ओळख होते न होते तोच निरोपाची वेळ येई. शेवटी २००२ च्या डिसेंबरात पूर्ण चार वर्षांच्या मुदतीचा अध्यक्ष असावा असा कायदा झाला. हा कायदाही देशाच्या संसदेने आपण होऊन केला नाही. तहाची अंमलबजावणी पाहण्यासाठी नेमलेले आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी, ब्रिटनचे पॅडी अ‍ॅशडाउन, यांनी तो आपल्या अधिकारात जारी केला. तेव्हापासून बॉस्नियाक, सर्ब, क्रोएट या क्रमाने अध्यक्ष होत आले. संविधानात हा क्रम कोठेही सांगितलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये क्रोएट समाजाच्या बोर्याना क्रिश्तो यांची निवड झाली. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

या अध्यक्षाची सत्ता फार मोठी नाही. परराष्ट्रव्यवहार, परदेशी व्यापार, जकात, सैन्य ही कामे त्याच्या मंत्रिपरिषदेकडे आहेत. शाळा, रुग्णालये, बहुतेक पोलीसदल ही मात्र दोन विभागांच्या आणि त्यांपैकी एका विभागातील दहा प्रांतांच्या हाती आहेत. विभागांना आपापले शासनप्रमुख आहेत, प्रांतांनाही आहेत. म्हणजे ३५ लाख लोकांच्या या देशात दहा, दोन आणि एक मिळून तेरा शासनप्रमुख होतात. तिन्ही समाजांच्या पक्षांची संमती जुळविण्यातही काळ जातो. ऑक्टोबर २०१० मध्ये निवडणुका झाल्या आणि नवी मंत्रिपरिषद फेब्रुवारी २०१२ मध्ये कामास लागली. तोवर जुनेच मंत्री तात्पुरता कारभार पाहत होते. अशा संथ कारभाराला लोक कंटाळतात, आणि त्यांचे कंटाळणे रास्तच आहे. पण ज्या घरांनी ते युद्ध पाहिले, त्यांना संथ कारभार हा तोफांच्या आवाजापेक्षा पुष्कळ सुसह्य वाटला असल्यास नवल नाही.

याहून गंभीर दोष निराळाच आहे. तिन्ही समाजांचा वाटा मोजून दिला; परंतु जे या तिघांत मोडत नाहीत, त्यांचे काय? ज्यू, रोमा आणि इतर लहान समाज तेथे पिढ्यान्पिढ्या राहत आले आहेत. संविधान त्यांना केवळ ‘इतर’ म्हणते. मंत्री होण्यास त्यांना आडकाठी नाही. ज्यू समाजाचे स्वेन अल्कलाय हे २००७ ते २०१२ या काळात परराष्ट्रमंत्री होते. त्यांनी जगभर आपल्या देशाची बाजू मांडली. तथापि त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षमंडळासाठी उमेदवार म्हणून उभे राहण्याचा अधिकार त्यांना नव्हता. कारण ते बॉस्नियाक, सर्ब वा क्रोएट नव्हते. रोमा समाजाचे देर्वो सेइदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिंत्सी यांनी या अन्यायाविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. २२ डिसेंबर २००९ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कलमे बदलायची, तर पुन्हा तिन्ही समाजांच्या प्रतिनिधींची संमती हवी. ती पुढील पंधरा वर्षांत मिळाली नाही.