हत्तिणीच्या जोडीला कोण?

पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी बिदरला येऊन राहिला. बहमनी सुलतानाच्या मिरवणुकीत त्याला पोलादी चिलखतं चढवलेले तीनशे हत्ती दिसले. सुळ्यांना तलवारी बांधलेल्या, पाठीवर बंदूकधारी. आकड्यात थोडी भर असेल, प्रवाशाला तेवढी सूट द्यावी. पण बिदर-गुलबर्ग्याच्या या माळावर रानटी हत्तींचे कळप काही नव्हते. फौजेतले हत्ती पकडून, विकत घेऊन किंवा खंडणीत यायचे. पाळीव हत्तीची वीण करणं लोक अशुभ मानत आणि अकबराने ते मोडून काढलं, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. अशुभाच्या आड मला तरी हिशेबच दिसतो. गाभण हत्तीण वीस-बावीस महिने अडकणार, पिल्लू कामाला यायला पुढे पंधरा-वीस वर्षं. त्यापेक्षा तयार हत्ती पकडणं स्वस्त.

१९७७ साली हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला, त्याला पकडण्यावर निर्बंध आले आणि हा हिशेब उलटला. आता प्राणिसंग्रहालयांना पिल्लं हवी तर आपल्याच आवारात जन्मायला हवीत.

इथे हत्तिणीचं शरीर आडवं येतं. तिचं ऋतुचक्र तेरा ते अठरा आठवड्यांचं आणि गर्भ राहण्याजोगे दिवस त्यात दोन-चारच. तिच्या रक्तात एका संप्रेरकाची लाट सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा उसळते. बीज सुटतं ते दुसऱ्या लाटेला. पहिली लाट ओळखता आली की तारीख आधीच काढता येते. त्याच आधारावर १९९९ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या डिकरसन पार्कमध्ये कृत्रिम रेतनातून आशियाई हत्तीचं पहिलं पिल्लू जन्मलं. मात्र हत्तीण बरीच वर्षं वीण न होता राहिली, तर गर्भाशयात गाठी धरतात आणि मग तारीख कळूनही उपयोग नसतो. नराची कथा वेगळी. मदावर आलेला हत्ती वेगळा बांधावा लागतो. त्याला पेलेल असं मजबूत आवार महाग, म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसत्या माद्याच ठेवतात.

पण मला यापेक्षा मोठी अडचण वाटते ती सोबतीची. रानात पोर जन्मतं तेव्हा आई, मावशा, आजी भोवती असतात. तरुण हत्तीण दुसरीचं बाळंतपण पाहूनच शिकते. एकटी वाढलेली पहिलटकरीण स्वतःच्याच पिल्लाला बुजते, कधी तुडवतेही. २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या अभ्यासात युरोपच्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचं मध्यक आयुष्य सुमारे १९ वर्षं निघालं. म्यानमारमध्ये लाकूड ओढणाऱ्या हत्तिणींचं जवळजवळ ४२. एका संग्रहालयातून दुसरीकडे हलवल्यावर मृत्यूचा धोका काही वर्षं वाढलेला राहतो, हेही त्यात दिसलं. म्हणजे जोडीदार मिळावा म्हणून जनावर हलवावं, तर हलवणंच अंगाशी येतं.

कर्नाटकाच्या हत्ती छावण्यांत यावर जुना उपाय आहे. शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलूसारख्या छावणीत हत्तिणींना पायात लांब साखळी ठेवून रात्री रानात चरायला सोडतात. जावई रानातलाच मिळतो. सकाळी माहूत आणि त्याचा मदतनीस कावाडी साखळीच्या खुणेवरून त्यांना शोधून आणतात. प्रयोगशाळेविना छावण्यांत पिल्लं जन्मतात, त्यांना मावशाही मिळतात.

नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतले आणि सर्कशींतले हत्ती अशाच छावण्यांत व अभयारण्यांत हलवायला सांगितलं. तेव्हा ते सुमारे १४० होते. अंमलबजावणी अर्धीमुर्धीच झाली. औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातल्या सरस्वती आणि लक्ष्मी या मायलेकी पुढे विशाखापट्टणमला गेल्या, म्हणजे एका प्राणिसंग्रहालयातून दुसऱ्यातच. पण दोघी एकत्र गेल्या, आणि माझ्या मते त्या बदलीतला शहाणपणाचा भाग तोच.

देवस्थान-मठांचे हत्ती हलवणं तर आणखी अवघड. कोल्हापूरजवळच्या जोतिबा देवस्थानाच्या सुंदर हत्तीला वारणानगरच्या शेडमधून बन्नेरघट्ट्याला न्यायला २०१४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठात १९९२पासून असलेली महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्रात गेली, तेव्हा अख्खं शिरोळ रस्त्यावर उतरलं. लोकांची ती माया खरी होती, त्यावर हसणाऱ्यांना ती कळलेली नाही. तिच्यासाठी नांदणी परिसरातच केंद्र उभारण्याची तयारी पुढे वनताराने दाखवली. वैद्य, तळं, मोकळी जमीन यांची सोय पैशाने होते. त्या आराखड्याला माझा प्रश्न एवढाच आहे की तिथे तिच्याबरोबर आणखी किती हत्तिणी राहणार, आणि त्यांना कुठल्या कळपातून तोडून आणणार?