नाताळच्या उपासनेतील टाळ-मृदंग

पालघर तालुक्यातील पाम हे गाव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला अगदी लागून आहे. बोईसर स्थानकावर उतरून त्या बाजूस निघालेल्या माणसाच्या कानांवर पहिल्याने येतो तो यंत्रांचा घरघराट. भक्तिसंगीताची आठवण व्हावी असे त्या वाटेवर फारसे काही नाही. तरीही नाताळाच्या आधीच्या एका रविवारी तेथे एका स्नेह्यांकडे उतरलो असता आम्हांला जे ऐकावयास मिळाले, ते वाचकांसमोर ठेवावेसे वाटते.

सकाळची वेळ. स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्री, गळ्यात तुळशीची माळ, ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. शेजारच्या चाळीतून पेटी, ढोलकी आणि टाळ यांचा मेळ ऐकू येऊ लागला. मातोश्रींचा हात थांबला. ‘‘आज एकादशी नाही, मग भजन कुणाकडे रे?’’ त्यांनी मुलास विचारले. ती ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना असल्याचे त्याने सांगितले. मातोश्रींनी आणखी थोडा वेळ कान दिला आणि म्हणाल्या, ‘‘चाल तर आपलीच आहे.’’

त्या उद्गारात कौतुक होते की तक्रार, हे आम्हांला नीटसे उमगले नाही; बहुधा दोन्ही असावीत.

ख्रिस्ती उपासना म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ऑर्गनचे गंभीर स्वर येतात. पण ख्रिस्ती पंथांमध्ये संगीताविषयी एकमत कधीच नव्हते. केरळाकडील मंडळींची सिरियन परंपरा चौथ्या शतकातील संत एफ्रेम यांच्या स्तोत्रांना आजही मानते. तिच्यात आठ स्वररचनांची एक व्यवस्था असून उपासनेच्या आठवड्यांनुसार त्या पालटतात. रागांचे समयचक्र मानणाऱ्या आपल्या रसिकांना याचे नवल वाटणार नाही. जर्मनीत ल्यूथर यांनी सोळाव्या शतकात गाणे गायकवर्गाकडून काढून साऱ्या मंडळीच्या मुखी दिले. त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये स्वतः अनेक वाद्ये वाजविणाऱ्या झ्विंगली यांनी झुरिचच्या मंदिरांतील संगीत बंद पाडले, तर कॅल्व्हिन यांनी स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे तेवढी, तीही वाद्यांवाचून, गाऊ दिली. भय एकच होते, आणि ते संत ऑगस्टीन यांनी त्यांच्या आधी अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते : मन शब्दांऐवजी सुरांनीच अधिक हलले तर? तानेच्या नादात नाम हरवू नये म्हणून जपणाऱ्या आपल्याकडील कीर्तनकारांना ही चिंता परकी नाही.

आता मातोश्रींच्या त्या ‘चाली’कडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत असूनही छापला गेला तो रोमन लिपीत. पुढे गोमंतकातील ख्रिस्ती मंडळी तो भक्तिभावाने गाऊ लागली. या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की, आमची जुनी पुराणे तर बंद झाली, मग आम्ही वाचावे तरी काय? आम्हांला हा प्रसंग नेहमी अस्वस्थ करतो. देवळे पडली होती, पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या; त्या रित्या जागेतून ही ओवी उगवली आहे. तिचे सौंदर्य मान्य करताना त्या जागेचा विसर पडू देणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. स्टीफन्स यांनी मराठीवर केलेले प्रेम मात्र खरे होते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आपल्या उत्तर कोकणासाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश या धर्मगुरूंनी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे पुराण रचले. ते 1659 मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही मंदिरातील मुख्य विधी शतकानुशतके लॅटिनमध्येच चालला. वसईच्या शेतकऱ्याने गुडघे टेकावे आणि न कळणारी भाषा ऐकावी, असा तो प्रकार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हा कॅथलिक वेदीवर मराठी अधिकृतपणे पोहोचली. 1998 मध्ये वसईचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा प्रबंध तुकोबांच्या ईश्वरानुभवावर आहे, ही गोष्ट आमच्या वारकरी वाचकांना ठाऊक असावी म्हणून येथे नोंदवितो.

प्रॉटेस्टंट मंडळींत हे वळण आधी आले. ज्यांनी शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केले, त्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळक निराळे सांगावयास नकोत. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विलायती चालींवर बसविलेली भाषांतरित गीते त्यांना मानवली नाहीत. मराठी माणसाचे अंतःकरण अभंगाने उघडते, हे ते जाणून होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते म्हणत. त्यांची कितीतरी पदे आज मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात आहेत.

पण या पुलाची किंमत घरातल्या माणसांनी मोजली. लक्ष्मीबाईंना न सांगता पतीने धर्मांतर केले आणि त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. ती वेदना ‘स्मृतिचित्रां’त कोणीही वाचावी. पुढे 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला आणि पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ ओवीतच पुढे नेले. माहेरच्या जात्यावर जी ओवी ऐकली असेल, तीच त्यांनी नव्या घरी नेली. अभंगाचा उपयोग धर्मप्रसाराचे साधन म्हणून झाला, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो निराधार नाही. मात्र लक्ष्मीबाईंची ओवी साधन म्हणून वाचता येईल, असे आम्हांला वाटत नाही.

देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असेही नाही. आपल्या भजनी मंडळाची पेटी मूळची कोठली? हार्मोनियमचे पेटंट देबँ यांनी 1842 मध्ये पॅरिसला घेतले. मिशनऱ्यांबरोबर ती या देशात आली आणि येथल्या कारागिरांनी तिला मांडी घालून बसणाऱ्याच्या सोयीची केली. आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षे तिला परकी म्हणून बाहेर ठेवले. हरिपाठाला मात्र ती कधीच परकी झाली नाही.

त्या रविवारी सायंकाळी स्नेह्यांकडे हरिपाठ होता. पेटी उघडली तो मध्यमाची पट्टी चिकटलेली. मातोश्रींनी नातवाला शेजारच्या चाळीत पाठविले. दहा मिनिटांनी तो दुसरी पेटी घेऊन आला. मागोमाग सकाळी ढोलकी वाजविणारा तरुणही आला आणि दाराशी चपला काढून मागच्या बाजूस बसला. मातोश्रींनी त्याच्याकडे टाळांची एक जोडी सरकविली.