रिकाम्या गाडीवरची परीक्षा

अवजड वाहन चालविण्याचा परवाना पदरात पाडून घेण्यासाठी आपल्याकडील बरेच तरुण सध्या धडपडत आहेत. लिलावात गेलेल्या खाणपट्ट्यांपैकी काही ठिकाणी खनिज पुन्हा निघू लागले आहे, रस्ते आणि पूल यांची कामे कुठे ना कुठे चालूच असतात, आणि बेळगावची भाजी, घाटावरचे सिमेंट, बंदरातला माल हे सारे चाकांवरूनच हलत असते. साहजिकच ट्रक नीट चालविणाऱ्या माणसाची विचारपूस सर्वत्र होत आहे. डिचोली, सांगे, सत्तरी या भागांतील जी मुले कालपर्यंत नोकरीच्या अर्जांचे कागद घेऊन फिरत होती ती आज ट्रक शिकू म्हणत असतील, तर त्यांचे आम्ही स्वागतच करू. गोमंतकातल्या ट्रकवर गोमंतकीय चालक दिसत नाही ही तक्रार करणाऱ्यांनी तर या मुलांच्या पाठीशी उभे राहावयास हवे. परंतु ज्या परीक्षेच्या दारातून त्यांना जावयाचे आहे ती परीक्षा नेमके काय तपासते, याचा विचार शासनाने आणि या मुलांच्या पालकांनीही एकदा शांतपणे करावा असे आम्हांला वाटते.

कायद्याने घातलेल्या पायऱ्या तशा चोख आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी उमेदवाराचे वय वीस वर्षे पूर्ण हवे. हलक्या मोटारीचा परवाना त्याच्यापाशी किमान एक वर्ष असावयास हवा. मग डॉक्टरचा दाखला, मग शिकाऊ परवाना, आणि तो हाती पडल्यावर किमान तीस दिवसांनी प्रत्यक्ष रस्त्यावरील परीक्षा. शिवाय मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र लागते. या शाळांसाठी १९८९ च्या केंद्रीय नियमांनी मालवाहू वाहनाच्या शिक्षणाला किमान तीस दिवसांचा अवधी आणि प्रत्यक्ष चालविण्याचे किमान पंधरा तास ठरवून दिले आहेत. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या मोटारीचाच परवाना पुरे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला असल्याने टेंपोवाल्यांचा प्रश्न मिटला आहे. पण १२,००० किलोंच्या वरची गाडी म्हणजे अवजड वाहन, आणि तिथे या साऱ्या पायऱ्या चढल्यावाचून गत्यंतर नाही.

पंधरा तास! आमच्या मते गोम आहे ती येथेच. कागदावरचे पंधरा तास आणि स्टिअरिंगवरचे पंधरा तास यांत महदंतर असू शकते. एका जुन्या ट्रकमध्ये पाच-सहा शिकाऊ मुले कोंबावयाची, सपाट रस्त्यावर प्रत्येकाला मैल-दीड मैल चालवू द्यावयाचे, बाकीच्यांनी पाहत बसावयाचे आणि पाहण्याचे तासही चालविण्याच्या तासांत धरावयाचे, असा प्रकार आम्ही स्वतः पाहिलेला आहे. सर्वच शाळा अशा आहेत असे आम्ही म्हणत नाही. जीव ओतून शिकविणारे प्रशिक्षकही आहेत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला चालक शंभरांत ओळखू येतो. पण दोन्ही शाळांचे प्रमाणपत्र एकाच नमुन्याचे असते, आणि परीक्षा घेणाऱ्या निरीक्षकाला त्यावरून काहीही कळण्याजोगे नसते.

मग परीक्षेचा दिवस उजाडतो. ज्या वर्गाचा परवाना हवा त्या वर्गाची, चालू स्थितीतली गाडी उमेदवाराने स्वतः आणावी असा दंडक आहे. ट्रकमालकाच्या मुलाला तो जाचक नाही. क्लीनरच्या कामावरून वर येऊ पाहणाऱ्या मुलाने मात्र दहा चाकांची गाडी कोठून आणावी? तो शाळेचीच गाडी आणतो आणि तिचे भाडे भरतो. ती गाडी रिकामी असते. निरीक्षकापुढे करून दाखवावयाच्या गोष्टींची यादी नियमांत आहे आणि ती वाचली तर कोणीही मान डोलवील. आरसा नीट लावणे, गाडी सुरू करण्यापूर्वीची खबरदारी, क्रमाने सर्व गिअर टाकणे, उतारावर झटपट खालचा गिअर घेणे, तीव्र चढावर गाडी थांबवून ती तसूभरही मागे न घसरता पुन्हा पुढे काढणे, अरुंद जागेत मागे घेणे, आणीबाणीत थांबविणे, सारे काही तिथे आहे. यादीत उणे काही असेल तर ते ओझे. गाडीत माल भरलेला असावा असे ही यादी कोठेही म्हणत नाही.

ज्याने कधी ट्रक चालविला नाही त्याला हा फरक बारीकसा वाटेल. तो बारीक नाही. तीन आसांच्या, म्हणजे दहा चाकांच्या गाडीचे मालासह कायदेशीर वजन पूर्वी २५ टन होते. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ते २८.५ टनांवर नेले. दोन आसांच्या गाडीचे १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. हीच दहा चाकी गाडी रिकामी असता या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरते. रिकामी गाडी चढावर कशीही उचलली जाते, उतारावर ब्रेकला पाय लावताच थांबते आणि शिकाऊ माणसाच्या चुका पोटात घालते. भरलेली गाडी एकही चूक पोटात घालीत नाही. उतारावर ती स्वतःच्या वजनाने पुढे लोटली जाते. तो सारा जोर ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन उतरतो. ड्रम तापले की लायनरची पकड सुटते, आणि मग पायाखाली ब्रेक असूनही नसल्यासारखा होतो. घाटातल्या अपघातानंतर ‘ब्रेक निकामी झाले’ असे एक वाक्य आम्ही वृत्तपत्रवाले छापून मोकळे होतो. पुष्कळदा ते ब्रेक घाटाच्या माथ्यावर पूर्ण शाबूत असतात. अर्धा घाट सतत दाबून धरल्याने ते निकामी केले जातात.

म्हणूनच नियमातील ‘उतारावर झटपट खालचा गिअर’ या कलमाचे आम्हांला नवल वाटते. रिकाम्या गाडीवर ते कौशल्य खरे. भरलेल्या गाडीवर उतार सुरू झाल्यानंतर गिअर बदलू जाणे म्हणजे दैवाशी जुगार. जुना गिअर निघाला आणि खालचा बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी धावू लागते. जाणता चालक उतार लागण्यापूर्वीच, माथ्यावर, गाडीचा वेग अगदी कमी असताना गिअर निवडतो आणि खाली पोहोचेपर्यंत तो सोडीत नाही. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, असे जुने चालक शिकवीत. नव्या, अधिक ताकदीच्या इंजिनांच्या गाड्या वरच्या गिअरातही चढून जातात, तेव्हा आजच्या शिकाऊ माणसाने त्याहूनही एक पायरी खाली राहावे हे उत्तम. इंजिनानेच गाडी रोखून धरावी, ब्रेक मधून मधून लावावा आणि सोडावा, म्हणजे ड्रमला निवावयास अवसर मिळतो. आणि डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलला सोडण्याची जी खोड काही उस्ताद आपल्या चेल्यांना लावतात, ती चार रुपयांसाठी जीव गहाण टाकण्याची खोड आहे.

उस्ताद आणि क्लीनर यांची परंपरा मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. या देशातला ट्रकचालक बहुतांशी शाळेत घडलेला नाही; तो क्लीनरच्या बाकावर घडला आहे. पहाटे उठून काच पुसावयाची, रेडिएटरचे पाणी आणि इंजिनचे ऑइल पाहावयाचे, टायरवर पान्हा आपटून आवाजावरून हवा ओळखावयाची, चढावर गाडी थांबली की खाली उडी टाकून चाकामागे ठोकळा लावावयाचा. अशी दोन-तीन वर्षे काढल्यावर गाडीचे बरेवाईट त्याच्या कानांनाच कळू लागे. आपल्याकडे खनिजवाहू ट्रकांनी ही शाळा मोठ्या प्रमाणावर चालविली. खाणीपासून जेटीपर्यंत भरलेली गाडी आणि परतताना रिकामी, असे दिवसातून अनेकवार करणाऱ्याला ओझ्याचा अर्थ निराळा शिकवावा लागत नसे. या शाळेतले दोषही उघड होते. फेरीवर पैसा म्हणून वेगाची चटक लागे, गावातले रस्ते लाल धुळीने माखत, आणि रात्री उस्तादाच्या डोळ्यांवर झापड आली की परवाना नसलेल्या पोराच्या हाती स्टिअरिंग जाई. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधल्या काळात सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि गाड्या अंगणात गंजत उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर क्लीनरने चालक होण्याची ही वाटही खुंटली. आज परीक्षेला बसणाऱ्या पुष्कळ मुलांनी भरलेल्या गाडीच्या कॅबिनमध्ये एक दिवसही काढलेला नाही.

शिक्षणाची अटही आता राहिलेली नाही. मालवाहू वाहनाच्या परवान्याला इयत्ता आठवी उत्तीर्ण असण्याचे बंधन होते. केंद्राने ते २०१९ मध्ये काढून टाकले. आम्ही त्याला विरोध केला नसता. शाळा सुटलेल्या पोराला उपजीविकेचा मार्ग का नाकारावा? पण ती अट काढताना प्रशिक्षण आणि कौशल्याची चाचणी यांवर भर देऊ, असे केंद्राने सांगितले होते. २०१८ मध्ये गाडीवरचे ओझे वाढले, २०१९ मध्ये पुस्तकी पात्रता गेली, आणि परीक्षा मात्र रिकाम्या गाडीवरच राहिली. या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची तसदी कोणी घेतली आहे काय?

जुलै २०२१ पासून अधिस्वीकृत प्रशिक्षण केंद्रांची नवी व्यवस्था अस्तित्वात आली आहे. तेथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, सिम्युलेटर आणि स्वतंत्र चाचणीमार्ग आहे, आणि तेथून उत्तीर्ण झालेल्यास सरकारी कार्यालयातील प्रत्यक्ष चालविण्याच्या परीक्षेतून सूट मिळते. पंधरा तासांपेक्षा अडतीस तास केव्हाही बरे, यात शंका नाही. परंतु शिकविणारा आणि पारखणारा एकच झाला की तिसऱ्या डोळ्याची गरज उरत नाही असे नव्हे, ती वाढते. दुसरी अडचण अधिक व्यवहारातली आहे. रोजंदारीवरचा क्लीनर सहा आठवडे मजुरी बुडवून शिकावयास बसला तर त्याच्या घरची चूल कोणी पेटवावी? त्याला विद्यावेतन दिल्यावाचून ही केंद्रे ज्याच्या खिशात पैसा आहे त्यालाच उपयोगी पडतील.

परीक्षा सुधारेपर्यंत शिकाऊ उमेदवारांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. आपल्या पंधरा तासांची नोंद स्वतःच्या वहीत तारीखवार ठेवावी आणि ते पुरे झाल्यावाचून प्रमाणपत्रासाठी हात पुढे करू नये. गाडीत चढण्याआधी तिच्याभोवती एक फेरा मारावा. टायर, नट, दिवे, गळती हे डोळ्यांखालून घालावे. हवेच्या ब्रेकचे प्रेशर काट्यावर पुरेसे चढल्याशिवाय गाडी जागची हलवू नये, आणि हवेच्या टाकीत साचणारे पाणी, विशेषतः आपल्या पावसाळ्यात, न चुकता काढून टाकावे. वळण घेताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत. ती आतल्या बाजूला कापत येतात. फोंडा किंवा म्हापसा येथील बाजाराच्या कोपऱ्यावर स्कूटरवाला सापडतो तो या पट्ट्यात. तेव्हा वळणावर नजर डाव्या आरशात हवी. मागे घेताना आरसे दोन्ही पाहावेत, आणि मागचे काही दिसेनासे झाले की थांबून खाली उतरून पाहावे. असे उतरण्याची लाज वाटणाऱ्यांनीच भिंती पाडल्या आहेत. चढावर गाडी उचलण्याचा सराव शंभर वेळा करावा. निरीक्षकापुढे छाती धडधडत असते. तिथे डोके चालत नाही, हातापायांची सवयच कामी येते. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते. नापास होण्यात कमीपणा मानू नये, आणि उत्तीर्ण करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नये.

वाहतूक खात्याकडे आमचे मागणे फार खर्चाचे नाही. अवजड वाहनाच्या परीक्षेची गाडी खात्याने स्वतः ठेवावी, म्हणजे गरीब उमेदवाराला भाड्याची चिंता नको आणि सर्वांना एकच माप लागेल. तीत वाळूच्या पोत्यांचे किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांचे मोजके ओझे कायम भरलेले असावे. प्रत्येक उमेदवाराने ती खऱ्या चढावर एकदा उचलून दाखवावी आणि खऱ्या उतारावरून, ब्रेक न तापविता, एकदा खाली आणावी. परवानाधारक चालकाबरोबर क्लीनर म्हणून काढलेल्या काळाची रीतसर नोंद करण्याची सोय व्हावी आणि तो अनुभव प्रशिक्षणात काही अंशी धरावा. खात्याला उतार शोधण्यासाठी लांब जावे लागणार नाही. पूर्वेकडे तोंड केले की अनमोड आहे आणि चोर्ला आहे, आणि त्या दोन्ही घाटांतून बेळगावचे ट्रक आज रात्रीही खाली उतरणार आहेत.