आर्चिम्बोल्दोचे फळाफुलांचे चेहरे

काकडीचं नाक, मटारच्या शेंगेतले दाणे म्हणजे दात, गालाच्या जागी पीच आणि कानाच्या जागी मक्याचं कणीस. ज्युसेप्पे आर्चिम्बोल्दोने 1563 मध्ये रंगवलेला हा ‘उन्हाळा’ पाहणाऱ्याला आधी हसू येतं. पण त्यामागे फार गंभीर विचार आहे.

मिलानहून राजदरबारी

आर्चिम्बोल्दो मिलानचा. वडीलही चित्रकार होते. तरुणपणी त्याने तिथल्या कॅथेड्रलसाठी रंगीत काचेच्या खिडक्यांचे आराखडे केले. 1562 मध्ये तो व्हिएन्नाला हॅब्सबर्ग दरबारात गेला आणि पुढची पंचवीस वर्षं सम्राटांच्या सेवेत राहिला. व्यक्तिचित्रं काढणं, दरबारी सोहळ्यांचे पोशाख आखणं, सगळं त्याच्याकडे होतं.

चेहऱ्यांमागचा अर्थ

‘उन्हाळ्या’सह चार ऋतूंच्या जोडीला त्याने हवा, अग्नी, पृथ्वी, जल ही चार तत्त्वं रंगवली. ‘जल’ मासे-खेकड्यांचं, तरी गळ्यात मोत्यांची माळ. ‘अग्नी’च्या छातीवर हॅब्सबर्ग घराण्याचं मानचिन्ह. 1569 च्या नववर्षदिनी ही चित्रं सम्राट दुसऱ्या मॅक्सिमिलियनला अर्पण झाली. ऋतू आणि तत्त्वं सम्राटाच्या अधीन आहेत, ही त्यातली स्तुती.

या स्तुतीचा कळस म्हणजे 1590-91 चं ‘व्हर्टुम्नुस’. त्यात सम्राट दुसरा रुडॉल्फ ऋतुबदलाचा रोमन देव झाला आहे आणि साऱ्या ऋतूंची फळं-फुलं त्याच्या एकाच देहात नांदतात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते आर्चिम्बोल्दोचं निरीक्षण. प्रत्येक फळ, प्रत्येक मासा ओळखता येतो. मका तर तेव्हा अमेरिकेतून युरोपात नवाच आलेला. जगभरच्या दुर्मीळ वस्तू, प्राणी, वनस्पती जमवणाऱ्या दरबाराचं कुतूहल या चित्रांत जपलं गेलं आहे.

विस्मृती आणि पुनर्शोध

1593 मध्ये तो वारला. 1648 मध्ये स्वीडिश सैन्याने रुडॉल्फच्या दरबाराचं शहर प्राग लुटलं, आणि त्या लुटीत हे चित्रही गेलं. ‘व्हर्टुम्नुस’ आज स्वीडनमधल्या स्कोक्लोस्टर किल्ल्यात आहे. पुढे आर्चिम्बोल्दोचं नाव जवळजवळ विसरलं गेलं. विसाव्या शतकात अतिवास्तववाद्यांना तो आपला पूर्वज वाटला, आणि 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याला त्यांच्याच प्रदर्शनात जागा दिली. चेक दिग्दर्शक यान श्वान्कमायेरच्या 1982 च्या लघुपटात तर भाज्या-भांड्यांची अशीच डोकी एकमेकांना गिळतात.

तरीही त्याला अतिवास्तववादी म्हणणं मला पटत नाही. ते चित्रकार स्वप्नांचा, सुप्त मनाचा शोध घेत होते. आर्चिम्बोल्दोच्या चित्रातलं एकेक पान विचारपूर्वक ठेवलेलं आहे.